आयडाच्या रुमालाची खळ

खरं सांगायचं तर आयडाचा मला राग नव्हता, हेवा होता. पण हे मी आज कबूल करतेय. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी क्रुसाची खूण करून सांगितलं असतं, की बाबा रे, मला फक्त आपल्या चर्चची काळजी आहे.

साल त्र्याऐंशी. आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या पुढे. भाताची खाचरं एमआयडीसीत गेली, उरली ती विहिरीमागची पाच घरांची एक पट्टी. डोक्यावरून सारखी विमानं. विमान आलं की बोलणं थांबवायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही आमच्याकडे सगळ्यांनाच सवय.

मी एमिलिया. तेवीस वर्षं चर्चची कापडं धुतेय. वेदीवरची चादर, फादरचा झगा, चषक पुसायचे छोटे रुमाल, सगळं. पगार नाही, कुणी मागितलाही नाही. हे काम सोपं वाटतं ना? करून बघा. चषकाच्या रुमालाचं पहिलं पाणी गटारात सांडायचं नसतं. त्याला ख्रिस्ताच्या रक्ताचा, शरीराचा अंश लागलेला असतो, म्हणून ते मातीत घालायचं. मी माझ्या पडवीपुढच्या मोगऱ्याला घालते. तेवीस वर्षांत त्या मोगऱ्याला कधी कीड लागली नाही, हे पण लिहून घ्या.

पहिल्याच वर्षी एकदा वेदी पुसताना मी चषक उचलून बाजूला ठेवला. तेव्हाचे म्हातारे फादर दारातून असे ओरडले की माझ्या हातातलं फडकं पडलं. "बायकांनी हात लावायचा नाही! अक्कल आहे का?" चार माणसं बघत होती. त्या दिवसापासून मी त्या चषकाला बोटसुद्धा लावलं नाही. त्याचा रुमाल धुवायचा, त्याला खळ द्यायची, इस्त्री करायची, पण त्याला शिवायचं नाही. का? तर नियम. आणि नियम म्हटल्यावर मी पाळला. आवडला म्हणून नव्हे हो, पाळला म्हणून आवडायला लागला.

मग एकेक बदल सुरू झाले. लॅटिन गेलं, मराठी आलं. लोक कुरकुरले, मीही कुरकुरले, पण मनातून मला बरंच वाटलं, कारण लॅटिनचं एक अक्षर मला कधी कळलं नव्हतं. फादर आमच्याकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, म्हणायला लागले. वेदीपुढचा संगमरवरी कठडा फोडला. त्यातला एक दगड अजून विहिरीपाशी आहे, माझी शेजारीण शेवंती त्याच्यावर कपडे आपटते. गिटारवाली पोरं आली. लोक कम्युनियनची नाण्याएवढी पातळ पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच, जिभेवर घ्यायचं सोडून हातावर घ्यायला लागले, जसे काही शेंगदाणे वाटतायत. मी नाही घेतली हातावर. मी डोळे मिटून, तोंड उघडून, आईनं शिकवलं तशीच घेत राहिले.

हे सगळं मी गिळलं. पण सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आमचे नवे फादर लुईस, वय असेल तिशीचं, मिस्सा संपताना म्हणाले, "आता कम्युनियन वाटायला माझ्याबरोबर आपल्यातलाही एक माणूस उभा राहील. बिशपहाऊसची परवानगी आली आहे. दर रविवारी आजाऱ्यांच्या घरीही तोच पवित्र भाकर नेईल. आणि मला सांगायला आनंद वाटतो, की त्यासाठी आपण एका बाईची निवड केली आहे."

आता हसू नका. मी पदर सारखा केला. तेवीस वर्षं, म्हटलं, देव बघत असतो बरोबर. मी बाकावरून अर्धी उठले होते.

"आयडा," फादर म्हणाले.

मी तशीच पुढे वाकून पायातली चप्पल शोधल्यासारखं केलं आणि खाली बसले. कुणी बघितलं का, हे मला आजही माहीत नाही. आयडानं बघितलं असावं असं मला वाटत राहिलं, आणि तेच जास्त झोंबलं.

आयडा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली. वय बेचाळीस, लग्न नाही केलं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. इंग्लिश फाडफाड, केस कापलेले, नखं रंगवलेली. माझ्या नवऱ्याला, इसिडोरला, ती लहानपणापासून दादा म्हणते, मला वहिनी. बाई वाईट नाही. तेच तर दुखणं. वाईट असती तर काम सोपं होतं.

शेवंती कोकणातली, आमच्याच घराला लागून भाड्यानं राहते. तिला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मग काय गे झालं? तिनं दिला काय, फादरनं दिला काय, देव तोच ना?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "आमच्यात हाताला महत्त्व असतं. फादरच्या हाताला तेल लावून आशीर्वाद दिलेला असतो. हिच्या हाताला काय लावलंय? नेलपॉलिश!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी आठवड्याभरात वीस जणींना ऐकवलं. विहिरीवर, मासळीवालीपाशी, क्रुसाजवळ संध्याकाळची जपमाळ संपल्यावर. आणि प्रत्येकीला सांगितलं, बायांनो, मी फादरच्याच रांगेत उभी राहणार. तुम्ही तुमचं बघा.

दुसऱ्या रविवारी दोन रांगा होत्या. उजवीकडे फादर, डावीकडे आयडा, पांढरी साडी नेसून, हातात सोनेरी प्याला. नेलपॉलिश काढून टाकलं होतं. माझा बाक डावीकडचा. मी उठले, मधली वाट ओलांडली आणि सरळ उजवीकडे गेले. माझ्यामागून माझा अख्खा बाक आला. मग त्यामागचा. फादरची रांग दारापर्यंत गेली, आणि आयडापुढे कुणी म्हणजे कुणी नाही. ती तशीच उभी, प्याल्यात बघत. फादरनं दोनदा हात करून लोकांना तिकडे पाठवायचा प्रयत्न केला. कुणी हललं नाही. शेवटी तिनं प्याला वेदीवर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन गुडघे टेकले.

मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी दोन कप चहा प्यायले.

इसिडोर खाटेवर होता. वर्ष झालं होतं त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अर्धवट. एकेकाळी हाच माणूस चर्चची घंटा वाजवायचा, तर घंटेचा आवाज ऐकून लोक घड्याळ लावायचे. आता मी त्याला पेज भरवायची, डाव्या गालात, थोडी थोडी. उजवीकडे घातलं की सगळं बाहेर येतं. फादर लुईस महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याला कम्युनियन द्यायला यायचे, पण दोन महिने ते आलेच नव्हते. एकदा कुणाची मयत, एकदा बिशपची मीटिंग.

"आय... डा," इसिडोर म्हणाला.

"काय आयडा?"

"ये... ऊ दे. दर... रविवारी." आणि डाव्या हातानं छातीवर क्रूस केला.

मला कळलं. फादरच्या घोषणेची बातमी शेवंतीनं त्याला दिली होती, तिच्या पोटात काही राहत नाही. इसिडोरला दर रविवारी ख्रिस्तशरीर मिळालं असतं. पाच मिनिटांच्या अंतरावरून चालत आलं असतं. आणि ते अडलं होतं माझ्यापाशी.

"फादर येतील," मी म्हटलं. "आगेऱ्याला मी स्वतः त्यांना ओढून आणते. आपल्याला असलं अर्धवट काही नको."

आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. पूर्वी आमच्या पट्टीतला भारा इसिडोरच्या खांद्यावर असायचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी त्या दिवशी त्याच्याशी जास्त बोलले नाही, कामंच खूप होती.

त्यात फादर लुईसनी मला बोलावलं. हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा. "मावशी, आजाऱ्यांकडे जाताना त्यांच्या हनुवटीखाली धरायला एक रुमाल लागेल. तुम्हीच शिवा. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा छोटा क्रूस घाला. आयडासाठी."

म्हणजे आता मी आयडाची धोबीण! रांग रिकामी राहिली तरी ही बया हटली नव्हती. तीन रविवार झाले, दर रविवारी ती एकटी उभी, दर रविवारी मी उजवीकडे. मी रुमाल शिवला. क्रूस भरला, सुंदर भरला, वाईट काम मला येतच नाही. मग धुतला आणि खळ द्यायला बसले. चर्चच्या कापडाला तांदळाची पातळ खळ लागते, एकदाच, बोटाला जेमतेम चिकट लागेल इतकी. त्या रुमालाला मी तीनदा दिली. घट्ट पेजेची. वाळवला, परत बुडवला, परत वाळवला, वर कोळशाची इस्त्री दाबून फिरवली. उभा केला तर उभा राहील असा पत्रा झाला त्याचा. जाऊ दे म्हटलं बाईसाहेबांना कुणाच्या घरी, उघडताना कडकड वाजेल, घडी बसणार नाही, पर्समध्ये जाणार नाही. सगळ्यांपुढे धांदल उडेल. बस, इतकंच मला हवं होतं. मोठं पाप करायची माझी ऐपतच नाही.

आगेऱ्याचा रविवार आला. मिस्सा झाली, ढोल, लोंब्या, फादरच्या भोवती ही गर्दी. मी गर्दीत घुसून त्यांची बाही धरली. "फादर, इसिडोर वाट बघतोय."

"मावशी, आज कसं जमेल? पाच घरच्या शेतांना आशीर्वाद द्यायचाय, मग जेवण. पण आयडा गेलीय ना तुमच्याकडे?"

"कोणी सांगितलं तिला?"

"इसिडोरनंच निरोप पाठवला. तुमच्या शेजारणीबरोबर."

मी धावत घरी आले. दारात आयडा उभी, पांढरी साडी, गळ्यात पवित्र भाकरीची छोटी सोनेरी डबी अडकवलेली, तिच्यावर दोन्ही हात. ख्रिस्तशरीर जवळ असताना वाटेत कुणाशी बोलायचं नसतं, म्हणून तिनं मला नुसती मान लववली. शेवंतीनं इसिडोरला उशीला टेकवून बसवलं होतं, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून. मला बघताच ती हळूच मागच्या दारानं सटकली.

आता काय करता? देव दारात उभा असताना भांडता येत नाही. मी स्टुलावर पांढरं कापड घातलं, मेणबत्ती लावली, पेल्यात पाणी ठेवलं, क्रूस मांडला. इसिडोरचा चेहरा बघवत नव्हता इतका उजळला होता. वर्षभरात माझ्याकडे बघून तो एकदाही असा उजळला नव्हता.

आयडानं प्रार्थना म्हटली. तिचं हे पहिलंच घर. मग तिनं रुमाल काढला. तो कडकड वाजला, घडी उघडेना, तिनं गुडघ्यावर दाबून तो सरळ केला आणि इसिडोरच्या हनुवटीखाली धरला. मी मेणबत्तीची वात नीट करत राहिले. तिला सांगायला हवं होतं, डाव्या गालात घाल, उजवीकडे त्याला कळत नाही. एवढंच वाक्य. मी नाही बोलले. तिला सगळं येतं ना? मग येऊ दे.

"ख्रिस्ताचं शरीर," आयडा म्हणाली.

"आ... मेन."

तिनं भाकर जिभेवर मधोमध ठेवली. इसिडोरनं तोंड मिटायचा प्रयत्न केला. उजवा ओठ मिटेना. जीभ हलली, आणि ती पांढरी भाकर हळूच उजवीकडून बाहेर आली. रुमालावर पडली. मऊ रुमाल असता तर तिथेच खोलगट भागात राहिली असती, त्यासाठीच तर तो असतो. पण हा पत्रा. त्याच्यावरून ती उतारावरून घसरावी तशी सरकली आणि लादीवर पडली, खाटेच्या पायाशी.

डबीत दुसरी नव्हती. तिनं एकच आणली होती.

आयडा गुडघ्यांवर कोसळली. "देवा! माझा हात थरथरला, वहिनी. माझीच चूक. लोक म्हणतात ते बरोबर आहे, हे माझं काम नाही. मी आजच फादरना सांगते, मला सोडवा यातून." आणि ढसाढसा रडायला लागली.

घ्या. महिनाभर मी जे मागत होते ते माझ्या लादीवर येऊन पडलं होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. आणि मी राहिले, खोटं कशाला बोलू? एक विमान डोक्यावर आलं, आणि ते पार जाईपर्यंत मी गप्प उभी होते. मग इसिडोरकडे बघितलं. त्याचं तोंड अजून उघडं होतं. तो वाट बघत होता. अजून जिभेवर काहीतरी येईल, अशी वाट.

"आयडा," मी म्हटलं, "रडू नको. चूक तुझ्या हाताची नव्हती. खळ माझी होती."

"काय?"

"रुमालाला तीनदा खळ दिली मी. मुद्दाम. तुझी फजिती व्हावी म्हणून. आणि इसिडोरला डाव्या गालात द्यावं लागतं, ते माहीत असून सांगितलं नाही. झालं? आता जा, सांग फादरना."

तिनं रुमाल उचलून बघितला, बोटानं टिचकी मारली. टक्क वाजला. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"एमि... लिया," इसिडोर म्हणाला. डावा हात खाली लादीकडे केला, मग स्वतःच्या तोंडाकडे. "तू... दे."

"मी? वेडा झालास? मी हात नाही लावायचा."

"तुझ्या... हाता... नं."

"वहिनी," आयडा डोळे पुसत म्हणाली, "फादर शेतात आहेत. दादाला कसं भरवायचं ते तुला माहितीय. घे उचलून."

मी खाली बसले. सकाळीच पुसलेली लादी, कण नव्हता तिच्यावर. तेवीस वर्षं जे कापडावरून धूत आले, मातीत जिरवत आले, ते मी पहिल्यांदा दोन बोटांत धरलं. त्याला वजनच नसतं हो. मला वाटायचं असेल काहीतरी. मी त्याचे दोन तुकडे केले. पहिला इसिडोरच्या डाव्या गालात ठेवला, वर पेल्यातलं चमचाभर पाणी, आणि हनुवटी हातानं मिटून धरली, रोज पेजेला धरते तशी. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. मग दुसरा. तो रडत होता, एका डोळ्यानं, कारण दुसऱ्यातून पाणी येत नाही.

जुने फादर कम्युनियन दिल्यावर अंगठा आणि पहिलं बोट चिकटवून धरायचे, धुवेपर्यंत सोडायचे नाहीत. मीही तशीच उभी राहिले, बोटं चिकटवून. आता पुढे काय करायचं ते मला सुचेना. आयडानं पेला उचलला, मला पडवीत नेलं आणि मोगऱ्याच्या मुळाशी माझ्या बोटांवर पाणी घातलं.

"तीन आठवडे मी तिथे उभी राहते," ती हळूच म्हणाली. "समोरून कुणी येत नाही. घरी कोणी आजारी नाही, कोणीच नाही. आज कुणीतरी बोलावलं, तर त्यानंसुद्धा शेवटी तुझ्याच हातचं मागितलं." हसायचा प्रयत्न केला तिनं. "मला कधी कुणी असं म्हटलं नाही गं, तुझ्या हातानं दे."

ती माझ्या ओल्या बोटांकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मला लगेच ओळखू आलं. महिनाभर आरशात तेच तर बघत होते.

रुमाल मी ठेवून घेतला. गरम पाण्यात भिजवला, तीनदा पिळला, सगळी खळ काढली. नुसत्या हातानं ताणून सावलीत वाळवला.

पुढच्या रविवारी मी माझ्या डावीकडच्या बाकावरून उठले आणि मधली वाट ओलांडली नाही. आयडापुढे मी एकटीच. मागे एका बाकाचा लाकडी आवाज आला, मग चपलांचा, पण मी वळून बघितलं नाही. आयडानं प्याल्यातून भाकर उचलली. तिच्या हातात ती बघून मला परत झोंबलं. कशाला लपवू?

"ख्रिस्ताचं शरीर," ती म्हणाली, आणि माझी सवय ठाऊक म्हणून माझ्या तोंडाकडे हात नेला.

"आमेन," मी म्हटलं. तोंड उघडलं नाही. दोन्ही हात पुढे केले.